बाराबोर, छर्रा आणि अंतर

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर भात, नाचणी आणि वरी पिकते. पीक तयार होऊ लागले की रानडुकरे उतरतात. कोकणात अशा राखणीसाठी परवान्याची बंदूक ठेवण्याची रीत जुनी आहे. कुठे ती ठासणीची असते, कुठे काडतुसाची बाराबोर. जगात हंसांच्या शिकारीसाठी वापरतात तीही मुख्यतः बाराबोरच. म्हणून बोअर आणि छर्रा कसा निवडतात, हे समजून घेण्यासाठी हंसाचे उदाहरण सोयीचे आहे.

बोअरचा आकडा शिशाच्या गोळीवरून ठरतो. एका पौंडाच्या, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम शिशाच्या, बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. तिचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर असतो. सोळाबोरचा 16.8 आणि वीसबोरचा 15.6 मिलिमीटर भरतो. आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. मोठ्या नळीतून छर्रा जोरात सुटतोच असे नाही. तिच्यात छर्रे जास्त मावतात, एवढाच तिचा फायदा.

छर्ऱ्याच्या क्रमांकाचेही तसेच आहे. ब्रिटिश पद्धतीत आठ नंबरचा छर्रा 2.2 मिलिमीटरचा, चार नंबरचा 3.1, बीबी 4.1, तर एसजी 8.4 मिलिमीटरचा असतो. अमेरिकी बीबी मात्र 4.6 मिलिमीटरचा भरतो, म्हणून नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. काडतुसातल्या छर्ऱ्यांचे एकूण वजन ठरलेले असते. छर्रा बारीक घेतला तर संख्या वाढते, पण प्रत्येकाचा जोर लवकर ओसरतो. जाड घेतला तर जोर टिकतो, पण छर्ऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून सावज निसटते किंवा जखमी होऊन जाते. 32 ग्रॅमच्या काडतुसात एसजीचे जेमतेम नऊ छर्रे बसतात. हंस हा जाड पिसांचा, मोठ्या हाडांचा पक्षी असल्याने त्याला बदकापेक्षा जाड छर्रा लागतो.

पूर्वी हा छर्रा शिशाचा असे. पाण्यात पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात, ते पेषणीत झिजतात आणि पक्ष्याला विषबाधा होते. त्यामुळे अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर देशभर बंदी घातली. त्याची जागा पोलादाने घेतली. पण पोलाद शिशापेक्षा बरेच हलके असल्याने छर्रा दोन क्रमांक जाड घ्यावा लागतो. जुन्या, पातळ नळ्यांना कठीण पोलाद मानवत नाही. त्यांच्यासाठी बिस्मथचा मऊ छर्रा वापरतात.

काडतुसाची लांबी बंदुकीच्या घराशी, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेशी, जुळलीच पाहिजे. काडतुसावर छापलेली लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या नळकांड्याची असते. त्यामुळे 70 मिलिमीटरचे काडतूस 65 मिलिमीटरच्या घरात सहज शिरते, पण उडताना त्याला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. वीसबोरचे काडतूस चुकून बाराबोरमध्ये गेले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. मागून बाराबोरचे भरून बार काढला की नळी फुटते. म्हणूनच वीसबोरचे काडतूस पिवळ्या रंगाचे करतात.

डोंगराळ मुलखात सर्वांत महत्त्वाचा हिशेब अंतराचा आहे. छर्ऱ्याचा भरवशाचा पल्ला 35 ते 40 मीटर असतो, पण छर्रा तिथे थांबत नाही. सहा नंबरचा छर्रा सुमारे 200 मीटर जाऊ शकतो, तर एसजी साडेसहाशे मीटरच्या आसपास. एका उतारावर शेत आणि पलीकडच्या उतारावर वाडी, अशी जिथे रचना आहे तिथे हा आकडा जिवाशी संबंधित ठरतो. सावजामागे मातीचा उतार दिसत नसेल तर बार काढू नये.

भारतात हंसांची शिकार कायद्याने बंद आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस जायकवाडी, उजनीसारख्या जलाशयांवर उतरतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना संरक्षण आहे. रानडुकराबाबतही शस्त्राचा परवाना म्हणजे मारण्याची मुभा नव्हे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारण्यासाठी याच कायद्याच्या कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शेतकऱ्याने आधी ती परवानगी मिळवावी आणि मगच काडतुसाचा विचार करावा.