त्वचा आणि रंग – लेखांक ६ : गोंदणाच्या शाईची निवड

जुन्या पिढीतल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि मनगटावर दिसणारे गोंदण हिरवे असते, पण ते ज्या वस्तूने केले जाई ती काळी असे. दिव्याची काजळी सुईने त्वचेत उतरवली जाई. काजळीचा काळेपणा हिरवट दिसतो तो प्रकाशामुळे. निळ्या बाजूचे किरण त्वचेतल्या तंतूंवर आपटून लवकर परत फिरतात, तांबड्या बाजूचे खोल जातात आणि तिथल्या कार्बनमध्ये शोषले जातात. परतलेल्या निळसर प्रकाशावर गव्हाळ त्वचेची पिवळसर झाक चढली की डोळ्याला हिरवा रंग भासतो. कातडीखालच्या शिरा हिरव्यानिळ्या दिसतात त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण आहे. कार्बनचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे तो उन्हाने विटत नाही. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या आणि त्या कार्बनच्याच आहेत.

आजच्या स्टुडिओतल्या रंगीत शाया या परंपरेतून आलेल्या नाहीत. त्यांतली बहुतेक रंगद्रव्ये मुळात छपाईची शाई, प्लॅस्टिक आणि मोटारींचे रंग यांसाठी तयार झाली. शाई म्हणजे पाणी, अल्कोहोल, ग्लिसरीन अशा द्रवात तरंगणारे न विरघळणारे रंगकण. सुई ते कण बाह्यत्वचेखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, अंतस्त्वचेत सोडते. बाह्यत्वचा महिन्याभरात झडून नवी येते, त्यामुळे तिथे अडकलेली शाई खपलीबरोबर निघून जाते. खाली पोचलेले कण शरीराच्या दृष्टीने परके असतात. भक्षकपेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. एक पेशी मेली की तिच्या पोटातले कण मोकळे होतात आणि शेजारची दुसरी ते उचलते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हा क्रम दाखवून दिला. गोंदण टिकते ते या अखंड हस्तांतरणामुळे. मात्र काही कण प्रत्येक वेळी निसटतात, लसीकावाहिन्यांतून जवळच्या ग्रंथीत जाऊन साठतात, आणि रेघा वर्षागणिक किंचित पसरट व फिक्या होत जातात.

रंग विटण्याचे दुसरे कारण सूर्यप्रकाश, आणि निवडीच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. लाल, नारिंगी, पिवळ्या शायांत बहुधा ‘अ‍ॅझो’ गटातली सेंद्रिय द्रव्ये असतात. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला जो बंध त्यांना रंग देतो, तोच अतिनील किरणांनी तुटतो. पिगमेंट रेड २२ या लाल द्रव्यावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गोंदलेल्या उंदरांच्या त्वचेतले द्रव्य ४२ दिवसांत सुमारे ३२ टक्क्यांनी घटले. सूर्यासारखा प्रकाश दिलेल्या उंदरांत ही घट सुमारे ६० टक्के भरली. घटलेला भाग नाहीसा होत नाही. काही शरीरात दुसरीकडे जातो, काहीचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांपैकी काही आरोग्याला घातक असू शकतात. म्हणून ‘रंग उडाला’ ही तक्रार निव्वळ सौंदर्याची समजू नये.

टिकाऊपणाचा क्रम ढोबळमानाने सांगता येतो. सर्वांत पुढे कार्बनचा काळा. त्यामागे थॅलोसायनिन गटातले निळे आणि हिरवे : यांच्या रेणूत मधोमध तांबे घट्ट बसलेले असते आणि ते ऊन चांगले सोसतात. गडद लाल मध्यम. पिवळा, फिकट गुलाबी, आकाशी, जांभळट असे हलके रंग आणि अंधारात चमकणारे रंग सर्वांत आधी मावळतात. हलक्या छटा बनवायला मूळ रंगात पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. त्याचा अ‍ॅनाटेज नावाचा प्रकार प्रकाशात शेजारच्या सेंद्रिय रंगाचे विघटन वाढवतो, रुटाइल हा प्रकार त्या मानाने शांत असतो.

त्वचेचा वर्णही हिशेबात धरावा लागतो. शाई त्वचेला वर्ण देणाऱ्या मेलॅनिनच्या थराखाली असते, म्हणजे ती कायम एका तपकिरी काचेतून दिसते. सावळ्या त्वचेवर पांढरा आणि पिवळा पहिल्या दिवसापासूनच मातकट दिसतात, तर काळा, गडद निळा, गर्द हिरवा आणि डाळिंबी लाल उठून दिसतात. कॅटलॉगमधली बहुतेक चित्रे गोऱ्या त्वचेवरची असतात. आपल्याकडे त्यांवरून रंग ठरवला की निराशा पदरी पडते, आणि दोष विनाकारण शाईला किंवा कारागिराला दिला जातो. जागेचाही फरक पडतो. बोटे, तळवे, टाचेच्या कडा इथली कातडी सतत घासली जाते. मनगट आणि दंड उन्हात असतात. खांद्याच्या मागे, पाठीवर, मांडीवर रंग जास्त टिकतो. जखम पूर्ण भरल्यावर उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन नियमित लावल्यास विटण्याचा वेग कमी होतो.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत लाल रंग सर्वांत बदनाम आहे आणि ही बदनामी खरी आहे. पूर्वी लाल शाईत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड असे. तेव्हा दोष पाऱ्याला दिला गेला. पारा गेला, अ‍ॅझो द्रव्ये आली, तरी त्रास लाल रंगालाच अधिक राहिला. बाजारातल्या काही कुंकवांतही कृत्रिम अ‍ॅझो रंग असतात आणि त्यांनी कपाळावर पुरळ उठल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहेत. कुंकू पुसता येते, गोंदलेला रंग पुसता येत नाही. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया लगेच येईलच असे नाही. ती काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी उमटते. चित्रातला फक्त लाल भाग फुगतो, खाजतो, खडबडीत होतो, आणि शेजारच्या काळ्या रेघा जशाच्या तशा राहतात. हीच तिची खूण.

‘आधी थोडी शाई हातावर लावून बघू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मिळणारा दिलासा फसवा आहे. गोंदणाचा त्रास झालेल्या ९० रुग्णांची डेन्मार्कमध्ये पॅच टेस्ट केली गेली, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ज्या शायांनी त्रास झाला त्याच शाया लावूनही बहुतेकांची चाचणी नकारात्मक निघाली. संशोधकांचा अंदाज असा, की अ‍ॅलर्जी घडवणारा पदार्थ बाटलीत तयार नसतो, तो त्वचेत गेल्यावर शरीरातल्या प्रथिनांशी जोडला जाऊन बनतो. एखादा छोटा ठिपका गोंदून काही आठवडे थांबणे त्यापेक्षा बरे, पण उशिरा येणारी प्रतिक्रिया त्यातूनही निसटू शकते.

इतर रंग निर्दोष आहेत असे नाही. जुन्या पिवळ्या शायांतले कॅडमियम सल्फाइड उन्हात सूज आणी. हिरव्यात क्रोमियम, निळ्यात कोबाल्ट असे. आजही रंगद्रव्यांत निकेल, क्रोमियम यांचा अंश अशुद्धी म्हणून आढळतो. खोटे दागिने घातले की ज्यांचा कान चिघळतो त्यांना निकेलची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मोठी, आणि अशांनी रंगीत गोंदणाआधी त्वचारोगतज्ज्ञाला भेटलेले चांगले. काळ्या शाईने अ‍ॅलर्जी क्वचित होते. पण तिच्या रेघांत गाठी येणे किंवा सारकॉइडोसिससारख्या आजाराच्या खुणा उमटणे घडते, शिवाय अर्धवट जळणातून येणारी घातक हायड्रोकार्बन्स तिच्यात असू शकतात. तात्पुरत्या टॅटूसाठी जत्रेत आणि पर्यटनस्थळी मिळणारी ‘काळी मेंदी’ हा प्रकार तर पूर्ण टाळावा. मेंदीच्या पानांचा रंग तांबूस असतो. काळेपणा पीपीडी या केसांच्या डायमधल्या रसायनाचा असतो, त्याने फोड येतात आणि पुढे आयुष्यभर केस रंगवणेही अवघड होऊ शकते.

लाल, निळा ही नावे रसायनाबद्दल काही सांगत नाहीत. दोन कंपन्यांचे एकसारखे दिसणारे लाल रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असू शकतात. ओळख पटते ती बाटलीवरच्या सी.आय. (कलर इंडेक्स) क्रमांकाने : ७७२६६ म्हणजे कार्बन, ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७४१६० म्हणजे थॅलोसायनिन निळा, ७४२६० हिरवा, १२३१५ आणि १२४७५ ही दोन अ‍ॅझो लाल द्रव्ये. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून शायांतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. वर सांगितलेल्या निळ्या-हिरव्याला पर्याय नसल्याने त्यांना आणखी एक वर्ष मिळाले. या दोघांवर केसांच्या रंगांत आधीपासून बंदी होती, म्हणून ते यादीत आले. टिकाऊ रंग म्हणजे सुरक्षित ठरलेला रंग, असे समीकरण मांडता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर सौंदर्यासाठी त्वचेत टोचायला एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही.

रंग ठरवताना तो काढावा लागला तर काय, हेही पाहावे. काळा रंग १०६४ नॅनोमीटरच्या लेझरला चांगली दाद देतो, लाल ५३२ च्या. निळ्या-हिरव्याला वेगळी यंत्रे लागतात, पिवळा हटवादी असतो. पांढऱ्यावर आणि लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेल्या तपकिरी, गुलाबी छटांवर लेझर पडला की त्या उलट काळ्या पडू शकतात. भुवया आणि ओठ गोंदून घेणाऱ्यांना हे आधी सांगितले गेले पाहिजे. लाल रंगाची अ‍ॅलर्जी उमटल्यावर लेझर धोक्याचा ठरतो, कारण फुटलेले कण अंगभर पसरून प्रतिक्रिया वाढवू शकतात. तेव्हा स्टेरॉइडची मलमे किंवा इंजेक्शने वापरतात, आणि तीही पुरी पडली नाहीत तर शस्त्रक्रियेने तो रंगीत थर तासून काढतात. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न शाई कोणती हा असतो. गोंदतानाच प्रत्येक बाटलीच्या लेबलचा, बॅच क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवला असेल, तर त्याचे उत्तर दहा वर्षांनीही देता येते.