यादी लावा, पण ओळ मोडू नका!

स्मरणिका हातात पडली की आपण आधी शेवटची पानं उघडतो आणि देणगीदारांच्या यादीत आपलं नाव शोधतो. रियाध, जेद्दा, दम्माम, जुबैल इथून आलेली नावं क्रमाने लावायचं काम आम्हा संगणकवाल्यांकडे येतं. त्यासाठी ‘आर’ ही संगणकाची भाषा छान उपयोगी पडते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ती संख्याशास्त्रासाठी तयार केली. शिवाय ती फुकट मिळते!

समजा, यादीत तीनच ओळी आहेत : आपटे ५० रियाल, काळे १०००, जोशी २५०. मोठी रक्कम आधी हवी आहे. ‘आर’मधली ‘सॉर्ट’ ही आज्ञा फक्त एका रकान्यातले आकडे लावते. तो रकाना तसाच यादीत परत चिकटवला, तर नावं जागच्या जागी राहतात आणि काळ्यांचे हजार आपट्यांच्या नावावर जातात. गंमत म्हणजे बेरीज तेव्हाही १३०० च येते. त्यामुळे खजिनदारांनाही पत्ता लागत नाही.

म्हणून ‘ऑर्डर’ ही आज्ञा वापरायची. ती आकडे हलवत नाही. ओळी कुठल्या क्रमाने घ्यायच्या तेवढंच सांगते : दुसरी, तिसरी, पहिली. त्या क्रमाने अख्खी ओळ उचलली की नाव, गाव, रक्कम यांची ताटातूट होत नाही. आधी शहर, मग रक्कम, असंही लावता येतं. एखादी रक्कम कोरी असेल तर ‘सॉर्ट’ ती गुपचूप वगळते. ‘ऑर्डर’ ती ओळ शेवटी ठेवते.

आणखी दोन गोष्टी बघाव्यात. रकमा मजकूर म्हणून भरल्या असतील तर चढता क्रम १०००, २५०, ५० असा येतो, म्हणजे हजार सगळ्यात लहान! त्यांचं आधी संख्येत रूपांतर करावं. दुसरं, आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, पण युनिकोडच्या क्रमांकात तो ‘ल’ नंतर लगेच आहे. नुसत्या त्या क्रमांकाने यादी लावली तर काळे कावळ्यांच्या आधी येतात. तेव्हा भाषेचं सेटिंग तपासावं.

छपाईला देण्यापूर्वी नुसती बेरीज न बघता पाच-दहा ओळी पावतीपुस्तकाशी ताडून पाहाव्यात. देणगी पन्नासची असो वा हजाराची, ज्याची त्याच्या नावापुढे दिसली पाहिजे. मंडळावरचा विश्वास त्यावरच उभा आहे.