शरदाची चव आणि साऱ्यांचे हात

आश्विन लागला की आपल्या घरांतून एक गंमत दिसते. कॅलेंडरवर सण दाटीवाटीनं उभे असतात. घट बसतात, दसरा येतो, पाठोपाठ कोजागिरी, आणि पुरता श्वास घेतो न घेतो तोच दिवाळी दाराशी! साहजिकच गृहिणीच्या डोक्यात सदान्‌कदा याद्या. डबे घासायचे, माळा झाडायचा, डाळी उन्हात घालायच्या, फराळाचं सामान भरायचं. या धांदलीत शरद ऋतू नावाची एक सुंदर गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊन निघूनही जाते, आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

खरं म्हणजे खाण्यापिण्याच्या दृष्टीनं हे दिवस किती भरलेले असतात पाहा. पावसाचं पाणी पिऊन पुष्ट झालेली पडवळं, दोडकी, घोसाळी मंडईत ढिगांनी असतात. लाल भोपळा असतो. शेतातून नुकत्याच उपटलेल्या, माती लागलेल्या भुईमुगाच्या शेंगा येतात. सीताफळं येतात. भातशेतीच्या भागात नवा तांदूळ दिसू लागतो. कोकणात आश्विनी पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात, ते याच नव्या भाताच्या कौतुकानं. यातलं काहीही परदेशी नाही, दुर्मीळ नाही, की खिशाला जड नाही. मात्र या साऱ्या जिनसांत एक साम्य आहे, ते मला अलीकडे फार जाणवतं. यातलं बहुतेक सगळं सोलावं लागतं, निवडावं लागतं, नाहीतर ढवळत बसावं लागतं. थोडक्यात काय, शरदाचं खाणं हात मागतं!

आणि हात म्हणजे कुणाचे? आपलेच दोन? इथंच तर सगळं घोडं पेंड खातं.

एक घर, चार घड्याळं

आमचंच उदाहरण सांगते. माझी सकाळची अर्धवेळ शाळा. यांचं ऑफिस दहाचं. थोरली बारावीला, तिचे क्लास संध्याकाळी. धाकट्याची शिकवणी आणि खेळ. घरात सासूबाई. माणसं पाच, पण जेवायच्या वेळा चार. पहिलं पान सातला तर शेवटचं साडेनऊला. जेवणारा एका हातानं मोबाइल बघणार, आणि मी आमटी पुन:पुन्हा गरम करणार. तुमच्याही घरी याहून फार वेगळं चित्र नसेल, नाही का?

त्यातच दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले. तेव्हापासून सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हळूहळू अंग काढून घेतलं. काही विचारलं तर म्हणायच्या, "मला काय विचारतेस? तुझा संसार आहे, तू करशील ते बरोबर." शब्द चांगले, पण त्यातलं तुटलेपण कळत होतं. जेवणही चिमणीएवढं. बोलणं तर त्याहून कमी. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक म्हणाले. दुखणं शरीराचं नव्हतंच. ज्या घरात चाळीस वर्षं आपल्या हाताला विचारून सगळं झालं, तिथं आता त्या हाताचं काही कामच उरलं नाही, हे ते दुखणं होतं.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी दोन किलो ओल्या शेंगा आणल्या. तीन-चार पाण्यांतून माती काढली, मूठभर मीठ घालून कुकरला चार शिट्ट्या दिल्या, आणि शेंगा तशाच अर्धा तास त्या खारट पाण्यात राहू दिल्या. (हे मात्र विसरू नका हं. लगेच निथळल्या तर मीठ टरफलाच्या आत शिरत नाही.) मग मोठं ताट मधोमध ठेवलं. उकडलेली शेंग चमच्यानं खाता येत नाही आणि मोबाइल हातात धरून सोलताही येत नाही, दोन्ही हात ओले होतात! धाकटा बसला, थोरली बसली, आणि सासूबाईही येऊन टेकल्या. सोलता सोलता त्या बोलू लागल्या. त्यांच्या माहेरी गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल कसा चढवायचे, हस्त लागला की पाटावर हत्ती काढून पोरी हादग्याला कशा जमायच्या, पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत वाढत सोळाव्या दिवशी आयांची कशी त्रेधा उडायची… मुलं शेंगा खायची विसरून ऐकत होती. आणि बोलण्याच्या नादात सासूबाईंनी किती शेंगा खाल्ल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. कुणाला नुसतं ताट वाढायचं नाही, आधी हातात मूठभर काम द्यायचं.

भोपळ्याचे घारगे

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी आपण होऊन लाल भोपळा मागवला. प्रमाण त्यांचं, लिहून घेतलं मी.

दोन वाट्या भोपळ्याचा कीस, एक वाटी चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप एकत्र करून मंद आचेवर शिजवायचं. पाणी अजिबात घालायचं नाही, भोपळ्याला आणि गुळाला सुटतं तेच पुरतं. कीस मऊ झाला की उतरवून चिमूटभर मीठ आणि वेलची-जायफळ घालायचं. पुरतं गार झाल्यावर दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तितकीच कणीक घालून घट्ट मळायचं. साधारण दोन ते अडीच वाट्या कणीक लागते. लगेच करायला घ्यायचे, कारण पीठ ठेवलं की गुळामुळे सैल पडतं. केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर जाडसर थापून, वरून खसखस लावून मध्यम आचेवर तळायचे.

यात कीस करणं थोरलीकडे, थापणं सासूबाईंकडे, खसखस लावणं धाकट्याकडे आणि तळणं माझ्याकडे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांनी किती नवख्या मुलींना धीर आला! पण पीठ किती घट्ट, हे बोटांना कळायला शेजारी एक जाणतं माणूस लागतं. थोरलीला ते या घारग्यांनी कळलं.

खिरापत ओळखा!

पश्चिम महाराष्ट्रात भोंडला म्हणा, हादगा म्हणा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई म्हणा, गाणी झाल्यावरची खरी मजा खिरापत ओळखण्यात. डबा झाकलेला. गोड की तिखट? कोरडी की ओली? ओळखेपर्यंत हाती काही लागायचं नाही. शहरात आता दारासमोर फेर धरायला जागा नसते, आणि मुलींना वेळही नसतो. पण ओळखायचा खेळ घरच्या घरी खेळायला काय हरकत आहे? त्याला जागा लागते ती फक्त एका डब्याची.

आमच्याकडे नवरात्रात एक दिवस हा खेळ असतो. ज्याची पाळी त्यानं गुपचूप काहीतरी करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. दोडक्याच्या शिरांची चटणी अशीच एकदा कुणालाही ओळखता आली नाही. आपण दोडका सोलून शिरा टाकून देतो. त्या बारीक चिरून थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, लाल तिखट, मीठ आणि किंचित साखर. झालं! फुकटातली चटणी, आणि भाकरीबरोबर इतकी छान लागते की भाजी मागे पडते.

वाल सोलण्याचंही तसंच. पडवळात डाळिंब्या घातल्या की भाजीला अशी गोडी येते! पण मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे म्हणजे एकटीला कंटाळा. चौघांनी घेतले तर एका मालिकेच्या वेळात वाडगाभर डाळिंब्या तयार.

चटका आणि चांदणं

हे दिवस तब्येतीला मात्र जपण्याचे. पाऊस गेला की ऑक्टोबरचा चटका सुरू होतो. दुपारी ऊन, पहाटे गारवा. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं, असं आयुर्वेद सांगतो. म्हणून या ऋतूत गोड, कडू आणि तुरट चवीचं, पचायला हलकं आणि तूप घातलेलं अन्न सांगितलं आहे. दही, फार आंबट, फार खारट आणि तेलकट बेतानं. तेव्हा घारगे दोन-दोनच बरं का! रात्री नव्या तांदळाचा गुरगुट्या भात, तूप, मेतकूट आणि कारल्याची किंवा पडवळाची भाजी, एवढंच पुरे. नवा तांदूळ लवकर चिकट होतो, त्याला पाणी जुन्या तांदळापेक्षा कमी घाला.

आणि कोजागिरीचं दूध! एक लिटर दूध मंद आचेवर पाऊण लिटरपर्यंत आटवायचं. चार-पाच चमचे साखर, दहा बदाम आणि दहा पिस्ते यांची भरड, थोडी चारोळी, वेलची, जायफळ, चार काड्या केशर. कृती सोपी, पण कढईपाशी उभं राहून ढवळावं लागतं, नाहीतर खाली लागतं. हे काम मी यांच्याकडे दिलं आहे. पहिल्या वर्षी ते म्हणाले, "मला कुठं येतंय?" मी म्हटलं, "ढवळता येतं ना? तेवढंच आहे." आता गच्चीवर शेजारची मंडळी जमली की 'दूध मी आटवलंय' हे सांगायला ते विसरत नाहीत! त्याच दिवशी आश्विनी म्हणून थोरल्या अपत्याला ओवाळतात. आमची थोरली पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी जाईल. औक्षण करताना ते मनात आलंच. पण ती जाईल तेव्हा तिच्या हाताला घारग्याचं पीठ ठाऊक असेल, याचं समाधानही होतं.

मैत्रिणी काय म्हणतात

शाळेत हे बोलणं निघालं की एक मैत्रीण हमखास म्हणते, "बाई, या लोकांना काम सांगण्यापेक्षा आपण केलेलं बरं. नंतरचा पसारा कोण निस्तरणार?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून तीन गोष्टी मी पाळते. एक, काम लहान आणि संपणारं द्यायचं. 'मला जरा मदत करा' असं मोघम न म्हणता 'एवढा वाडगा सोलून द्या' म्हणायचं. दोन, दुसऱ्यानं केलेलं काम त्याच्यासमोर पुन्हा करायचं नाही. धाकट्यानं निवडलेल्या डाळीत एखादा खडा राहील. राहू द्या! धुताना काढता येतो. पण त्याच्या डोळ्यांदेखत ताट पुन्हा ओढून घेतलं तर तो पुढच्या वेळी येणार नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची : करताना सगळे होते ना, मग खातानाही सगळ्यांनी एकदम बसायचं, आपणसुद्धा. गरम गरम वाढण्याच्या हौसेत आपलं पान नेहमी शेवटचं आणि गार. आठवड्यातून एक रात्र तरी सगळं मधोमध मांडून आपणही पहिल्या पंगतीला बसावं. कुणाला काही हवं असेल तर ज्याचे हात सोलायला चालले, त्याचे हात वाढून घ्यायलाही चालतात!

रोज हे जमत नाही. माझ्याकडेही पेपर तपासायचे गठ्ठे असतात, मुलांच्या परीक्षा असतात. आठवड्याचे सहा दिवस घरात चार घड्याळं चालतातच. पण सातव्या दिवशी ती एका ठोक्यावर येतात, आणि तेवढ्यानं बाकीचे दिवस सुसह्य होतात.

आता दिवाळीची भाजणी करायची वेळ येईल. आमचं चकलीचं प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, एक वाटी मुगाची, अर्धी वाटी धने आणि दोन चमचे जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळं खमंग भाजायचं. तुमचं प्रमाण वेगळं असेल, ते तसंच राहू द्या. एवढंच करा, की धान्य निवडायला घ्याल तेव्हा ताट एक नको, घरात जितकी माणसं तितकी ताटं मांडा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी बोलवा, आणि "हे कसं करायचं हो?" असं विचारा. उत्तर तुम्हाला येत असलं तरी विचारा!