गावी जाताना एसी

मे महिन्यात गावी निघताना आपण गॅस आठवणीनं बंद करतो. एसी मात्र रिमोटनं बंद केला की झालं, असं वाटतं. पण रिमोटची वाट पाहत यंत्र जागंच असतं, स्टॅबिलायझरही थोडी वीज खातो. कवीलाही बिल भरावंच लागतं! शिवाय वळवाच्या विजांनी आतलं सर्किट जळण्याची भीती. म्हणून मी भिंतीवरचं बटण बंद करून प्लगच काढतो. त्याआधी जाळी धुऊन, सावलीत वाळवून बसवतो आणि अर्धा तास एसी नुसत्या पंख्यावर चालवतो. त्यानं आतल्या गार नळ्यांवरचं पाणी सुकतं. ओल राहिली तर बंद घरात बुरशी धरते, अन् परतल्यावर तीच हवा आमच्या घरातल्या दमेकऱ्याच्या छातीत जायची. आल्यावर आधी खिडक्या उघडतो, एसी मागाहून.