आतड्यापर्यंत पोचणारे शब्द

1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात जगन्नाथ गणेश गुणे या मराठी माणसाने आपल्या विद्यार्थ्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं आणि उड्डियान आणि नौली या योगक्रिया करायला सांगितलं. हे गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. सगळा श्वास सोडून देऊन बरगड्या वर उचलल्या की श्वासपटल वर सरकतं आणि पोट पाठीला जाऊन भिडतं, हे उड्डियान. मग पोटाचे मधले दोन उभे स्नायू तेवढे आकसून पुढे आणले की झाली नौली. कुवलयानंदांनी नौलीच्या क्षणी मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली गेलेला! माणसाने स्वतःच्या इच्छेने, हात न लावता, आतड्यात पोकळी निर्माण केली होती. आपले गुरू परमहंस माधवदास यांच्या नावावरून त्यांनी तिला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं. 1924 साली लोणावळ्यात त्यांचं कैवल्यधाम सुरू झालं.

घास गिळला की पुढचं काही आपल्या हातात नसतं, असंच आपण धरून चालतो. त्या अंधाऱ्या मुलखात इच्छेचा हात किती खोलवर जातो, याचं हे एक मोजमाप. मला ते आजही थक्क करतं.

आमच्या रायपुरात, तात्यापाऱ्यात असो की चौबे कॉलनीत, पोटाने गांजलेला एखादा जण ओळखीत निघतोच. सकाळी तीन-तीनदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. कुणाच्या लग्नाला गेलं की आधी नजर शोधते ती संडासाची वाट. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, दुर्बीण घालून झाली, आणि डॉक्टर सांगतात, “सब नॉर्मल है.” मग घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत सगळे. त्या माणसाला पोटदुखीपेक्षा हे वाक्य जास्त लागतं.

आणि ते वाक्य चूक आहे. या विकाराचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. गुदाशयात एक छोटा फुगा घालून तो हळूहळू फुगवत न्यायचा, अशी एक तपासणी आहे. निरोगी माणसाला ज्या दाबाला नुसतं भरल्यासारखं वाटतं, त्याच दाबाला आयबीएसच्या अनेक रुग्णांना कळ येते. दुखणं खरं असतं. फोटोत मात्र काही दिसत नाही, कारण बिघाड आतड्याच्या भिंतीत नसतो, तो आतडं आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांत असतो. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. आतडं आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले बहुतेक धागे खालून वर निरोप नेतात. म्हणजे मेंदू हुकूम सोडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ पोटाचं ऐकत असतो. आणि भीती, ताण, जुन्या दुखण्याची धास्ती यांनी तो ते ऐकतो मोठ्या आवाजात.

हा आवाज खाली आणता येईल का? मँचेस्टरचे डॉक्टर पीटर व्होरवेल यांनी 1984 साली ‘लॅन्सेट’मध्ये आयबीएसच्या 30 रुग्णांवरचा प्रयोग छापला. औषधांनी गुण न आलेले हे लोक. काहींना संमोहन दिलं, बाकीच्यांना बोलून धीर आणि एक निरुपद्रवी गोळी. संमोहनवाल्यांचा फायदा ठळक होता. यात लंबक नाही, जादूचे प्रयोग नाहीत. रुग्ण शांत पडून राहतो, पोटावर स्वतःचा तळवा ठेवतो, त्याची ऊब आत झिरपते आहे असं मनात आणतो. मग नदी डोळ्यांसमोर आणायची. जुलाबाचा त्रास असेल तर तिचा लोंढा संथ करायचा, बद्धकोष्ठ असेल तर तिला वाहतं करायचं. आपल्याकडच्या कुणाला ही नदी उसनी आणावी लागणार नाही. महादेव घाटावरची खारून उन्हाळ्यात कशी रोडावते आणि श्रावणात कशी फुगते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणूनच हे उपचार रुग्णाच्या बोलीत व्हावेत, मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत, असं मला फार वाटतं.

1992 साली याच डॉक्टरांनी आणखी एक विलक्षण गोष्ट मोजली. संमोहनात असलेल्या रुग्णांना राग अनुभवायला लावला, तशी मोठ्या आतड्याची हालचाल वाढली. नुसत्या संमोहनाने ती मंदावली होती. खोलीत भांडण नाही, शत्रू नाही. रागाची आठवण तेवढी पुरली.

विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, हीही आता भक्कम पुराव्यावर उभी आहे. ब्रिटनमध्ये 558 रुग्णांच्या चाचणीत ती काहींना फोनवरून, काहींना वेबसाइटवरून दिली गेली, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. 2019 साली निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा ती सरस ठरली. दिल्लीच्या एम्समध्ये जुलाबाच्या आयबीएसचे 22 पुरुष रुग्ण घेऊन योगाची परीक्षा झाली होती, ती 2004 साली छापून आली. एका गटाला दोन महिने आसनं आणि सूर्यनाडी प्राणायाम, दुसऱ्याला लोपेरामाइड हे जुलाबावरचं औषध. उतार दोघांनाही पडला, पण शरीराला निवांत करणाऱ्या मज्जासंस्थेची तत्परता योगवाल्यांचीच वाढली. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठे दावे करू नयेत. नौलीची तर आयबीएसवर अशी कसोटी लागलेली माझ्या वाचनात नाही, तेव्हा व्हिडिओ पाहून ती घरी करू नये.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, ॲनिमिया, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांतलं काही असेल तर आधी नीट तपासणी, बाकीचं नंतर. ती झाली आणि निदान आयबीएसचं निघालं, तर डॉक्टरांना सरळ विचारावं की सीबीटी किंवा संमोहन जाणणारं कुणी आहे का. टाटीबंधच्या एम्ससारख्या मोठ्या इस्पितळात मानसोपचार विभाग असतो. तिकडे चिठ्ठी मिळाली म्हणून कुणी वेडं ठरत नाही. मँचेस्टरच्या 204 रुग्णांचा पाठपुरावा 2003 साली छापला गेला: संमोहनाने 71 टक्क्यांना गुण आला, आणि त्यांतल्या 81 टक्क्यांचा तो पुढेही टिकला, काहींचा पाच-सहा वर्षांनंतरही.