नाझ्का लोकांच्या रेषा आणि त्यांचे पाणी



फळ्यावर रेघ काढावयाची तर हातीं खडू हवा, हें शाळेंतील लहान मूलहि जाणतें. परंतु नवें कांहीं न लावतां, केवळ असलेलें बाजूस सारूनहि रेघ काढतां येते, आणि ती दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकते. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या दक्षिण भागांत नाझ्का लोकांनीं हें करून ठेविलें आहे.

या लोकांचा काळ स्थूलमानानें इ. स. पूर्व १०० ते इ. स. ७०० असा मानतात. त्यांच्या प्रदेशांत पाऊस जवळजवळ नाहींच. तेथील माळावर तांबूस-काळसर गोट्यांचा थर असून त्याखालची माती फिकट पिंवळी आहे. वरचे गोटे वेंचून कडेला लाविले, कीं फिकट रेघ उघडी पडते. या रीतीनें त्यांनीं कोसच्या कोस सरळ रेषा आंखल्या आणि प्राण्यांच्या आकृत्या काढल्या. त्यांतील कोळी सुमारें ४६ मीटर लांब आहे, तर फुलांतील मध चोखणारा एक चिमुकला पक्षी तेथें ९० मीटरांहूनहि मोठा झाला आहे!

हीं चित्रें परलोकींच्या पाहुण्यांसाठीं काढलीं, अशी एक कल्पना मध्यंतरीं फार पसरली. तिची गरज नाहीं. कांहीं रेषांच्या टोंकांशीं लांकडी खुंट्या सांपडल्या आहेत. खुंटी, दोरी आणि पुष्कळ हात एवढ्यावर हें काम होतें. रेषांवर फुटक्या मडक्यांचे तुकडेहि मिळतात. त्यावरून लोक तेथून समारंभानें चालत जात असावेत, असें अनेक संशोधक मानतात.

मारिया रायखे या जर्मन बाई १९३२ सालीं मुलांना शिकविण्यासाठीं पेरूंत आल्या. पुढें त्यांनीं १९९८ सालीं मृत्यु येईपर्यंत आपलें आयुष्य या रेषांस वाहिलें. हातांत केरसुणी घेऊन त्यांनीं रेषा झाडल्या, मोजल्या आणि राखल्या.

परंतु माझ्या मतें या लोकांची खरी थोरवी भूमीच्या पोटांत आहे. डोंगराकडील भूगर्भांतलें पाणी त्यांनीं दगडी भुयारी पाटांनीं शेतांपर्यंत आणिलें. या पाटांस तेथें ‘पुकिओ’ म्हणतात. त्यांवर ठिकठिकाणीं शंखाच्या वळणासारख्या, खालीं निमुळत्या होत जाणाऱ्या विहिरी आहेत. त्यांतून उतरून गाळ काढतां येतो. हे पाट नाझ्का काळींच खोदले गेले, असें बहुतेक संशोधकांचें मत आहे. त्यांतील कित्येक आजहि शेतें भिजवितात. गांवकरी एकत्र येऊन ते साफ करतात, म्हणूनच ते वाहते राहिले आहेत.

१९९४ सालीं युनेस्कोनें या रेषांचा जागतिक वारशांत समावेश केला. १९२७ पासून त्यांचा अभ्यास चालू असला, तरी २०२४ सालीं जपानी संशोधकांनीं संगणकाच्या साह्यानें ३०३ नव्या आकृत्या शोधल्याचें प्रसिद्ध केलें. म्हणजे शोध अजून संपलेला नाहीं. मात्र नाश फार लवकर होतो. २०१४ सालीं एका चळवळीचे कार्यकर्ते आपला फलक मांडण्यासाठीं त्या पक्ष्याच्या आकृतीजवळ चालत गेले, आणि त्यांच्या पावलांचे ठसे माळावर उमटून राहिले. हेतु पृथ्वीच्या रक्षणाचा होता. परंतु गोटा हलला कीं खूण उमटते, हा त्या भूमीचा धर्म कलावंतास आणि आगंतुकास सारखाच लागू आहे.

पूर्वजांचें धन पाहावयास जातांना पाऊल कोठें ठेवावें आणि कोठें ठेवूं नये, एवढें जरी आपण यावरून शिकलों, तरी पुष्कळ झालें.