सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट का घ्यायचं?

पुण्याजवळच्या भोसरी, चाकणला कारखान्यांची शिफ्ट सुटली की खाण्याच्या काउंटरवर झुंबड उडते. ‘सुट्टे नाहीत’ म्हणत कॅशियर चॉकलेट देतो. पण चॉकलेट हे चलन नाही. नाणे अधिनियम, 2011 नुसार एक रुपया व त्यावरील नाणी 1000 रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध आहेत. आणि काय विकत घ्यायचं, हे ग्राहकानेच ठरवायचं असतं.

दोन रुपयांसाठी वाद कशाला, असं कुणी म्हणेल. मग आपण दोन रुपये कमी दिले तर चालतील का? सुट्टे खरंच नसतील, तर यूपीआय आहेच. पैसे कमी आले, तर ती कॅशियरची चूकही असू शकते. म्हणून तिथेच मोजा, बिल जपा, शांतपणे मागा. चूक झाली असेल, तर दिवसअखेर गल्ला जुळवताना जादा रक्कम दिसू शकते. तरीही नकार मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.